दस्तीखालचा भाव

डॉक्टर व्हायला लातूरला आलेली पोरं शिकवण्यांच्या पाट्यांखालून दिवसभर ये-जा करतात. तिथल्याच एका बोळात, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, मलप्पाचं गेमचं दुकान आहे. सात-आठ कॉम्प्युटर, दोन मोठे टीव्ही, भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो, आणि जिना चढून आलं की समोर एक काळा फळा. पोरांच्या आईबापांना हे दुकान म्हणजे लेकरांच्या डॉक्टरकीला लागलेली कीड वाटते, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. तरी मलप्पा पेपरच्या आदल्या दिवशी कुणाला आत घेत नाही. पोरं ही गोष्ट घरी सांगत नाहीत, त्यामुळं त्याचं श्रेय त्याला कधी मिळालेलं नाही.

दुकानाचा खरा मालक मलप्पा नसून तो फळा आहे, असं म्हटलं तरी चालेल. पन्नाशी ओलांडलेला हा गडी, चष्मा कपाळावर चढवून, नवा गेम आला की आधी स्वतः खेळतो. मग खडू घेऊन फळ्यावर शेरा मारतो. शेरे तीनच: 'लई भारी', 'बरा' आणि 'डब्बा'. पोरं तशी मोबाइलवर गेमला दिलेले तारेही बघतात, कुठकुठल्या चॅनलवाल्यांची बडबडही ऐकतात, पण शेवटी जिना चढून आल्यावर मान वर करतात ती फळ्याकडंच. काकानं 'डब्बा' लिहिलं की तो गेम मेला. काकाचा शब्द म्हणजे शब्द.

मागच्या वर्षी क्रिकेटचा एक गेम पोरं तहानभूक विसरून खेळत होती. एका दुपारी मलप्पाचं पित्त उठलेलं, त्यात तो पहिल्याच चेंडूवर पुन्हापुन्हा बाद होत राहिला. रागाच्या भरात त्यानं फळ्यावर 'डब्बा' लिहिलं आणि घरी जाऊन झोपला. दुसऱ्या दिवसापासून त्या गेमला माणूस मिळेना. कालपर्यंत त्याच्या नंबरावरून भांडणारी पोरं सांगू लागली, की बॅट उशिरा फिरते, पंच आंधळा आहे, काही मजाच नाही. मलप्पाला गंमत वाटली. काही दिवसांनी त्यानं शेरा पुसून 'आता सुधारला, लई भारी' असं लिहिलं. गेमला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. पोरं परत बसली आणि म्हणाली, काका, खरंच सुधारला की हो. ही गोष्ट मलप्पा आल्यागेल्याला सांगायचा आणि पोट धरून हसायचा. त्यात घाबरण्यासारखंही काही होतं, हे त्याच्या ध्यानात यायला एक रविवार यावा लागला.

हा माणूस मुळात गेमचा नव्हे, जनावरांच्या बाजाराचा. त्याचा बाप गुंडप्पा उदगीरकडच्या बाजारात बैलांचा दलाल होता. तिथं सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा हात पुढं करत, वरून दस्ती, म्हणजे खांद्यावरचा मोठा रुमाल, टाकला जाई, आणि दस्तीखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरे. भोवती कितीही माणसं उभी असोत, कुणाला काही कळत नसे. एकाचा भाव ऐकून दुसऱ्याचं मन फिरू नये म्हणून ही रीत. सौदा पटला की हात घट्ट दाबायचा, झालं. लहानपणी मलप्पा बापाच्या बाजूला उभा राहून त्या दस्तीखालची हालचाल टक लावून बघत बसे.

गुंडप्पाची दुसरी शिकवण अशी, की आपल्या दावणीच्या जनावराला आपण कधी चांगलं म्हणायचं नाही, नजर लागते. त्याच्याकडं एक देवणी जातीचा बैल होता, पांढराशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा. बाजारात माणसं चालता चालता थांबायची. गुंडप्पा मान खाली घालून म्हणायचा, "काय न्हाई, साधाच हाय." पोटच्या पोरांनाही हाच न्याय. मलप्पा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला तेव्हा बाप पेढे वाटता वाटता सांगत होता, कसाबसा निघाला. मलप्पाला तेव्हा वाईट वाटलं होतं. पण स्वतःला लेक झाली, ती शिकली, इंजिनियर झाली, तेव्हा तोही पेढ्याचा पुडा हातात धरून हेच बोलला.

त्या लेकीचं नाव शिवानी. एकुलती एक. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती कॉलेजातल्या रविकिरण नावाच्या मित्राबरोबर गेम तयार करायला लागली, त्याला दोन वर्षं झाली होती. रविकिरण नांदेडचा, तो तिथूनच काम करायचा. ही लातुरात माडीवरच्या खोलीत. पोरगी नोकरी सोडून घरात बसून काय करते, हे सांगता सांगता तिची आई शांतम्मा बेजार झाली. मलप्पा लोकांना सांगायचा, काही नाही, खेळ मांडलाय.

गेमचं नाव 'बाजार'. त्यात खेळणारा दलाल असतो. बैलाचे दात बघायचे, त्याला चालवून बघायचं, शिंगांवरून हात फिरवायचा, आणि मग दस्तीखाली बोटांनी भाव करायचा. समोरच्याचं मन त्याच्या बोटांच्या दाबावरून ओळखायचं. घाई केली की फसलात. आजोबा गेला तेव्हा शिवानी चौथीत होती, तरी तिला हे सगळं आठवत होतं, कारण मलप्पानं तिला झोपवताना राजाराणी कधी सांगितलीच नाही, बाजारच सांगितला होता.

आता गेम पुरा झाला होता. सोमवारी सकाळी तो सगळ्यांसाठी खुला करायचा बेत होता. पण शिवानीचा धीर होत नव्हता. हैदराबादच्या एका कंपनीचं बोलावणं आलेलं, त्यांना होय की नाही ते लगेच हवं होतं. तिनं बापाला सांगितलं, रविवारी शिकवणीचा पेपर सुटल्यावर तुमच्या दुकानातल्या पोरांना हा खेळू द्या. ती आपणहून खेळत राहिली तर सोमवारी गेम बाहेर. अर्ध्यातून उठून गेली तर रविकिरणला सांगून गाशा गुंडाळते आणि हैदराबाद गाठते. आणि दोन गोष्टी पाळा: गेम माझा आहे म्हणून सांगायचं नाही, आणि फळ्यावर एक अक्षर लिहायचं नाही.

मलप्पानं मान डोलावली. त्याला वाटलं, यात काय अवघड आहे.

रविवारी दुकान उघडायच्या आधी तो एकटाच आत बसला आणि 'बाजार' खेळला. इतके दिवस तिनं त्याला बघू दिलं नव्हतं. पहिल्याच बाजारात धुरळ्यातून एक बैल पुढं आला, पांढराशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा. मलप्पाला पुढचं दिसेना. त्यानं चष्मा काढून खांद्यावरच्या दस्तीनं पुसला, आणि मग डोळे पुसले. आपल्या पोरीच्या हातून एवढं झालं, या आनंदानं त्याची छाती भरून आली, आणि लगेच तीच छाती धडधडायला लागली. एवढं चांगलं उघड्यावर ठेवायचं? इतक्या पोरांसमोर, काही आडपडदा न ठेवता?

शिवानी मागच्या जिन्यानं येऊन प्लायवूडच्या आडोशामागं बसली. तिथून पोरांचे आवाज ऐकू येणार होते आणि ती कुणाला दिसणार नव्हती. इकडं मलप्पा रिकाम्या फळ्यासमोर उभा राहिला. लेकराच्या गालाला तीट लावतात, तेवढीच लावू असं मनाशी म्हणाला, आणि खडू उचलला. 'नवा गेम: बाजार. साधाच हाय.'

पेपर सुटला आणि जिना वाजला. पुढं हदगावचा दयानंद. दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेला, आवाज मोठा, आणि तो बोलला की बाकीच्यांनी माना हलवायच्या असा दुकानातला रिवाज. त्यानं फळा वाचला, 'साधाच का?' असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बसला. बाकीची पोरंही बसली. कोपऱ्यात बिलोलीची धम्मप्रिया बसली. ती फारसं कुणाशी बोलत नसे.

सुरुवातीला नुसता बटणांचा आवाज होता. मलप्पा गल्ल्यावर बसून पोरांच्या पाठी बघत राहिला. मग एकजण म्हणाला, लई हळू हाय राव. दुसरा म्हणाला, मारामारी कुठंय यात? तिसऱ्याला बैलाची चाल खोटी वाटली. हा तिसरा जन्मापासून लातूर शहरात वाढलेला, त्यानं बैल पाहिला असेल तो पोळ्याच्या फोटोत. मलप्पाच्या जिभेवर शब्द आले होते, पण बोलायची सोय नव्हती. एकजण उठला आणि क्रिकेटकडं गेला. त्याच्यामागं दुसरा.

ही सगळी वाक्यं मलप्पाच्या ओळखीची होती. बॅट उशिरा फिरते, पंच आंधळा आहे, तेच हे. फळा पुसावा असं त्याच्या मनात आलं आणि तो अर्धवट उठलाही, पण पोरांनी वाचलेलं आता फडक्यानं पुसलं जाणार नव्हतं. आडोशामागून काहीच आवाज येत नव्हता. खुर्ची हलली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दयानंद खुर्चीत मागं रेलला आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "काकानं बरोबर लिवलं. साधाच हाय."

आडोशामागची खुर्ची आता वाजली. शिवानी बाहेर आली, पोरांकडं न बघता सरळ जिन्याशी गेली आणि फळ्यासमोर उभी राहिली. मलप्पा तिच्यामागं गेला. ती वाचत होती. पाच शब्द वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ ती तिथं उभी होती.

"आप्पा, हे तुम्ही लिहिलं?"

"नजर लागू नये म्हनून लिवलं, बाई."

शिवानीनं त्याच्याकडं पाहिलं. रागावली असती तर त्यानं ऐकून घेतलं असतं, पण तिचा आवाज खाली होता.

"नजर तुमच्या फळ्याचीच लागली, आप्पा."

मग ती म्हणाली, की फळ्याला तरी का बोल लावू, गेमात दम असता तर दोन शब्दांनी काय बिघडलं असतं. आता खरं काय ते कळायचीही सोय राहिली नाही. रविकिरणनं दोन वर्षं घातली आहेत, त्याला हे फोनवर सांगणं बरं दिसणार नाही, मी नांदेडला जाऊन सांगते. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली. मलप्पानं हाक मारली, पण खालच्या रिक्षांच्या आवाजात ती तिच्यापर्यंत गेली नाही. फोन लावला तर तिनं उचलला नाही.

तो आत आला. आपल्याच हातानं पोरीच्या पायावर धोंडा घातला, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तो प्रेमानं घातला होता. निदान तो गेम बंद तरी करू म्हणून त्यानं पोरांकडं पाहिलं. बाकीची पोरं क्रिकेटवर आरडाओरडा करत होती. पण दयानंद उठला नव्हता. साधाच हाय म्हणून जाहीर केल्यावरही तो 'बाजार'समोरच बसून होता. नाक पडद्याला लागेल इतका पुढं वाकलेला. एका म्हाताऱ्या दलालाशी त्याचा सौदा अडला होता आणि त्याचे ओठ आपोआप हलत होते.

मलप्पा त्याच्या शेजारी जाऊन बसला. दयानंद दचकला आणि म्हणाला, उठतोच हाय काका, येवढा एक बैल झाला की.

मलप्पानं खांद्यावरची दस्ती काढली आणि दयानंदच्या हातावर टाकली. स्वतःचा हात खाली घातला.

"तोंडानं न्हाई सांगायचं," तो म्हणाला. "एक म्हंजी डब्बा, पंजा म्हंजी लई भारी. बोटं धर माझी. कसा वाटला?"

दयानंदनं इकडंतिकडं पाहिलं. आत्ताच गेमात तो हेच करत होता, त्यामुळं शिकवायची गरज नव्हती. दस्ती थोडी हलली. मलप्पाची चार बोटं त्यानं धरली होती, आणि चांगली घट्ट.

"मग मगाशी असं का बोलला रे?"

दयानंदचा मोठा आवाज कुठल्या कुठं गेला. "तुमी लिवलं व्हतं ना काका. मला तर आवडून राहिला व्हता. मग वाटलं, आपलंच चुकून राहिलं."

शेजारच्या कोपऱ्यातून धम्मप्रियानं स्वतःचा हात पुढं केला. तिच्या हातावर त्यानं दस्ती टाकली. तिनं तीन बोटं धरली, थोडा विचार केला, आणि तीनच ठेवली. तीही उठलेली नव्हती, हे मलप्पाला आत्ता दिसलं. गल्ल्याकडं लक्ष ठेवा म्हणून त्यानं दोघांना सांगितलं आणि जिना उतरताना हातानंच फळा पुसला. तळवा पांढरा झाला.

स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली नाही. सुरू झाली तेव्हा पेपर सुटलेल्या पोरांनी रस्ता भरून गेला होता. गर्दीतून वाट काढताना मलप्पा हॉर्न वाजवत होता आणि मनात ठरवत होता, तिला काय सांगायचं. चांगला हाय, बस. एवढंच तर बोलायचं. त्यानं तोंडातल्या तोंडात बोलून पाहिलं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि त्याच्यापुढं काळ्या तोंडाचा तो पांढरा बैल उभा राहायचा. पोरवयात एकदा मलप्पानं भर बाजारात ओरडून सांगितलं होतं, आमचा बैल सगळ्यात भारी. पुढच्याच वर्षी तो पोटफुगीनं गेला. गुंडप्पानं त्याला कधी दोष दिला नाही. पण मलप्पानंही त्यानंतर आपल्या कशालाच भारी म्हटलं नाही.

स्टँडवर कंडक्टर चाकूर, अहमदपूर, नांदेड असं ओरडत होता आणि बस सुटायच्या बेतात होती. मलप्पा स्कूटर आडवी टाकून धावला. एक खिडकी, दुसरी खिडकी, बायका, पोती, झोपलेलं लेकरू. शेवटून तिसऱ्या खिडकीत शिवानी होती. डोळे लाल, हात खिडकीच्या दांडीवर.

"आप्पा? तुम्ही कशाला आलात?"

त्याला दम लागला होता. बोलायचं ते सगळं ठरवलेलं होतं आणि काहीच बाहेर येईना. मग त्यानं दस्ती काढली, तिच्या हातावर टाकली, आणि टाचा उंच करून आपला हात खाली घातला.

"हे दयानंदचं," तो म्हणाला आणि तिची चार बोटं धरली.

शिवानीच्या भुवया आक्रसल्या. तो पोरगा तर साधाच म्हणाला होता. मलप्पा म्हणाला, तोंडानं तसं म्हनला, हातानं असं. तो अजून खेळतच बसलाय, उठंना.

"आन् हे धम्मप्रियाचं." तीन बोटं. चार म्हणून खोटं सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं होतं, पण दस्तीखाली त्याच्या बापानं कधी खोटा भाव केला नव्हता.

शिवानी त्याच्याकडं बघत राहिली.

"आन् हे माझं." मलप्पानं तिचा सगळा पंजा धरला. धरला तो सोडला नाही.

कंडक्टर खाली उतरला होता. त्यानं विचारलं, काका, कसला सौदा चाललाय, काय माल हाय?

"काय न्हाई," मलप्पा म्हणाला. "साधाच हाय."

शिवानी हसली आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दस्तीखाली तिनं आपला हात फिरवला आणि बापाचा हात घट्ट दाबला. बाजारात सौदा पटला की दाबतात, तसा. घंटी वाजली. बस हलली, मलप्पा हात न सोडता चार पावलं तिच्याबरोबर चालला, मग सोडावाच लागला. दस्ती तिच्याकडंच राहिली. बस वळताना त्याला दिसलं, तिनं फोन कानाला लावला होता आणि ती भराभरा बोलत होती. "उद्या सकाळीच, रवी," एवढं त्याला ऐकू आलं.

तो परत आला तेव्हा दिवे लागले होते आणि शिकवणी सुटलेली दुसरी पोरं जिन्यात उभी होती. रिकामा फळा बघून ती अडली होती. एकानं विचारलं, काका, आज शेरा न्हाई? तो बैलाचा गेम कसा हाय?

सवयीचा शब्द मलप्पाच्या जिभेवर येऊन उभा राहिला. खांद्यावर त्याचा हात दस्ती शोधत गेला आणि रिकामाच परत आला. त्यानं शब्द गिळला.

"मला नको इचारू," तो म्हणाला आणि पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकललं. "बस. खेळ. मग तू सांग मला."